नथ्याची साक्ष

माझा भाऊ नथानिएल, म्हणजे आमचा नथ्या, चोवीस वर्षांत एकही धड पाप करू शकला नाही, आणि आमचा बँड बुडाला तो त्यामुळंच.

बँडचं नाव यरीहो. बायबलात यरीहो शहराची भिंत ओरडून पाडली होती, म्हणून. संगीताचा प्रकार हार्डकोर. गिटार करवतीसारखी, ड्रम दगडफेकीसारखा आणि वरून नथ्या पोटातून ओरडणार. शब्द देवाचे असायचे, पण ते फक्त त्याला आणि मला कळायचे, कारण त्यातल्या चुका मीच काढून दिलेल्या. ड्रमवर मी. गिटारवर लातूरचा रुद्रेश. त्याच्या वडिलांची डाळमिल होती. मिल चालू असताना मागच्या गोदामात आम्ही कितीही बडवलं तरी कुणी तक्रार करत नसे. रुद्रेश लिंगायत. गळ्यात लिंग, वर यरीहोचा टीशर्ट. त्याला साक्षात्कार वगैरे काही झालेला नव्हता, त्याला मोठा आवाज पाहिजे होता, आणि आम्हा तिघांत प्रामाणिक तेवढा तोच.

नांदेडच्या चर्चच्या तरुण संघात पहिला कार्यक्रम झाला. पहिल्याच गाण्याला गंगम्मा नावाची म्हातारी उठून पुढं आली आणि नथ्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्यातलं भूत काढायला लागली.

"मावशी, भूत न्हाई, गाणं हाय," नथ्या म्हणाला.

"तू गप रे. मी तुझ्याशी न्हाई, त्याच्याशी बोलून राहिले."

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आमच्याकडं गाण्यांच्या मधे साक्ष द्यायची पद्धत आहे. आपण आधी काय होतो आणि प्रभूनं कुठून उचलून आणलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. आधीचं जितकं वाईट, तितकी साक्ष चांगली. आता नथ्याला उचलायचं कुठून? तो होता गादीवर, आबांच्या म्हणजे आमच्या वडिलांच्या शेजारी, तोंडात बिस्कीट. एकदा त्यानं गुटखा खाल्ला होता. अंगणात ओकला आणि रात्रभर माझा हात धरून झोपला.

तो गुटखा नायगावच्या सभेपर्यंत दारू झाला. शिरूर अनंतपाळला दारूची ब्राउन शुगर झाली. तो शब्द उच्चारताना नथ्या नुसता हातवारा करायचा, कारण ती कशी दिसते हेच त्याला ठाऊक नव्हतं. बायका पदरानं डोळे पुसायच्या. उदगीरची पोरं काळे टीशर्ट घालून आमच्या मागं फिरायला लागली. गावोगावचे फोन यायला लागले. नाव झालं आमचं. आणि मी? साक्ष संपली की काठ्या आपटून चार मोजायचं माझं काम, ते मी मुकाट करत होते.

मग मला लेक झाली. ती सहा महिन्यांची झाल्यावर मी लातूरच्या मोठ्या मेळाव्यासाठी परत ड्रमवर बसले. तिला सांभाळायला आबा आले. दोन्ही कानांत कापूस घालून, टोपडं बांधून तिला मांडीवर घेऊन तिसऱ्या रांगेत बसले.

आबा एसटीचे ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली, एक अपघात नाही. दारूला शिवलेले नाहीत. लग्नात साधा सोडासुद्धा घेत नाहीत, बुडबुडे बिअरसारखेच दिसतात म्हणून. रिटायर व्हायला पाच महिने राहिलेले. घरदार म्हणावं असं काही कमावलं नाही, पण दाविदमामांची गाडी आहे म्हटलं की लोक वयात आलेल्या पोरींना एकटं बसवून द्यायचे. एवढी एकच कमाई.

त्या दिवशी नथ्याची स्वतःची पापं संपली होती.

"माझा बाप एसटी चालवायचा," तो माईकमध्ये म्हणाला. "पिऊन! मागं पन्नास माणसं, आणि माझ्या बापाच्या हातात स्टेअरिंग थरथरायचं!"

मंडपभर हुंदका फुटला. बाहेरून आलेल्या पास्टरांनी लगेच माईक ओढून घेतला. "तो बाप आज आपल्यात आहे का?"

नथ्यानं बोट दाखवलं. स्वतःच्या बापाकडं, गर्दीतला चोर दाखवावा तसं.

लोकांनी हाताला धरून आबांना वर आणलं. कडेवर माझी लेक, कापसासकट. पास्टरांनी विचारलं, "सोडली ना भाऊ दारू?" आबांनी नथ्याकडं बघितलं. बिस्कीट मागताना जसा बघायचा तसा तो बघत होता.

"पोरगं म्हणतंय तर... हाव," आबा म्हणाले.

टाळ्या. लेक दचकून रडायला लागली. मी ड्रममागून उठले आणि माईक घेतला.

"आबांनी आयुष्यात एक थेंब घेतलेला न्हाई. हा खोटं बोलून राहिलाय."

मग पास्टरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बघा, बापाचं पाप झाकायला लेकरू कसं तळमळतं. हात वर करा, हिच्यासाठी प्रार्थना करू."

शेकडो हात वर गेले. मी जितकं नाही नाही म्हणत होते तितकी प्रार्थना चढत होती. रुद्रेशनं गिटारची वायर उपटली आणि गुंडाळायला लागला. "चल मार्था. हे लोक आपल्यापेक्षा मोठ्यानं वाजवून राहिलेत."

यरीहोचा तो शेवटचा कार्यक्रम.

त्या साक्षीचा व्हिडिओ मात्र डेपोत पोचला. "मामा, स्टेअरिंग अजून थरथरतं का?" एका नव्या कंडक्टरनं विचारलं. आबा हसले. दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीच्या आधी ते स्वतःच श्वास तपासायचं मशीन मागायला लागले. कुणी सांगितलेलं नसताना. नळीत फुंकायचं, आलेलं शून्य चहा पिणाऱ्या सगळ्यांना एकेक करून दाखवायचं आणि मग गाडीत चढायचं.

"आबा, त्याला खोटा पाडा की."

"चारचौघांत पोराला कसं पाडू? अन् फुंकायला काय जातं मार्थे, दमच हाय."

मी नथ्याला गाठलं. "उद्या सकाळी डेपोत येऊन खरं सांग. न्हाईतर तुझ्या पेजवर लिहिते, तुला बिअर कशी लागते तेसुद्धा माहीत न्हाई म्हणून."

तो पांढरा पडला. "अक्का, दोन लाख लोकांनी बघितलंय. ते ऐकून कितीतरी बापांनी दारू सोडली असंल."

"आपल्या बापानं काय सोडलं, तेवढं सांग."

आला. सकाळी सात वाजता, डेपोत, काळा टीशर्ट घालून. हातात चहाचे ग्लास घेतलेले सात-आठ ड्रायव्हर, तो नवा कंडक्टर, आबांच्या गाडीवरच्या कंडक्टर सरजाबाई, आणि कडेवर लेक घेतलेली मी. आबा नुकतंच मशीन घेऊन आले होते. नथ्यानं घसा खाकरला. 'माझा बाप पीत नाही', चार शब्दांचं काम. मला खरंच वाटलं तो तेवढंच बोलेल.

"बंधूंनो," नथ्या म्हणाला आणि त्याचा हात वर गेला, "एके काळी मी खोटारडा होतो."

आवाज खाली यायचा तिथं खाली आला. खोटेपणानं त्याला कसं जखडलं होतं, त्या अंधारात तो कसा तळमळत होता. डोळ्यांतून पाणी यायचं तिथं पाणी आलं. दोन ड्रायव्हरांनी ग्लास खाली ठेवले. "बाई बाई, लई भोगलं की पोरानं," सरजाबाई म्हणाल्या. तेवढ्यात मला पाण्याच्या टाकीवर टेकवलेला त्याचा मोबाईल दिसला. चालू होता.

नथ्या गाडीच्या पुढ्यात येऊन गुडघ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. "बाबा! मला माफ कर!"

जन्मात कधी त्यानं आबांना बाबा म्हटलं नव्हतं.

आबांनी हातातल्या मशीनकडं बघितलं, मग घड्याळाकडं. मशीन न फुंकताच नव्या कंडक्टरच्या हातात दिलं.

"केलं माफ. ऊठ, बाजूला हो. सव्वासातची हाय."

ते चढले. मागून मी लेकीला घेऊन चढले आणि त्यांच्या पाठीमागच्या सीटवर बसले. सरजाबाईंनी डोळे पुसत घंटी मारली. नथ्या उठला नव्हता, त्याचं अजून बाकी होतं. आबांनी गाडी जरा मागं घेतली, आणि त्याला वळसा घालून बाहेर काढली.