सुनेचा कोपरा

सासऱ्याला सगळे 'रोलर' म्हणत, अगदी तोंडावर. मक्याची कुट्टी मुरघासाच्या, म्हणजे हिरवा चारा दाबून मुरवायच्या, खड्ड्यात पडली की तो आत उतरायचा आणि थरावर थर असा तुडवायचा, की आत फुंकरभर हवा उरायची नाही. "हवा राहिली की बुरशी, बुरशी लागली की दूध गेलं," एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. डाव्या पायाची करंगळी एका गाईच्या खुराखाली कायमची गेली होती. तीही त्यानं गाईला माफ केली होती. यंदा मका पेरायच्या आधीच तो गेला.

तुडवायला सून उतरली. तिचा हिशेब वेगळा होता. लग्नापासून एकही पहाट तिची नव्हती. कुठं जायचं म्हटलं की धारेची वेळ आडवी यायची. नवरा एकदा बोलून गेला होता, "यंदा दूध घटलं तर गाई विकू, शहरात जाऊ." म्हणून मागचा कोपरा तिनं पाहुणीसारखा, अलगद तुडवला. वर प्लास्टिक आलं, टायर रचले गेले. नवरा पाठमोरा होताच तिनं विळ्याच्या टोकानं तिथं चीर दिली. सडलेला चारा फेकावा लागेल, उरलेला पुरणार नाही, दूध आपोआप उतरेल. बुरशी गाईंच्या तोंडी जाऊ द्यायची नाही, एवढी माया तिनं हिशेबात धरली होती.

दीड महिन्यानं नवऱ्यानं नेमका तोच कोपरा आधी उघडला. चीर जागेवर होती. खाली मात्र मुरघास पिवळसर, आंबूस-गोड, विटेसारखा घट्ट.

"वा! पायात वजन आहे की तुझ्या," नवरा हसला. "बाबांनी पाठ थोपटली असती."

तिला हसू आलं नाही.

गाईंनी गव्हाणी चाटून पुसून काढल्या. दूध चढत गेलं. "वहिनी, पाणी तर घालत नाही ना?" दूध केंद्रावरचा माणूस म्हणाला, आणि फॅटचा आकडा बघून स्वतःच जीभ चावली.

एवढंच, की धारेला गाई खड्ड्याकडे मान वळवून उभ्या राहत. ओळखीचं कुणी येताना बघावं, तशा.

एका दुपारी चारा काढायला तिनं एकटीनं प्लास्टिक मागं सारलं. वरच्या थरावर पावलं उमटली होती. रुंद, खोल, आणि फक्त तिच्या कोपऱ्यात. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. तिनं त्या ठशात हात ठेवला. भोवतीचा मुरघास गार होता. ठसा कोमट, आत्ताच पाय उचलल्यासारखा.

ती धावत गोठ्यात आली. "गाई विकून टाकू."

"वेडी का काय? एवढं दूध देणाऱ्या गाई कुणी विकतं? उलट पुढच्या वर्षी दुसरा खड्डा काढू."

"मी नाही तुडवणार."

"नको तुडवूस," नवरा बादली विसळत म्हणाला. "कुणीतरी तुडवेलच."

मागं खड्ड्यात धप्प झालं. मग पुन्हा, सावकाश, जड. नवऱ्यानं मान वर केली नाही. गाईंनी मात्र एकदम वळवली, आणि धारेची वेळ नसताना त्यांच्या सडांतून दूध ठिबकू लागलं.