भावोजींचं पहिलं कंत्राट

कारखाना बंद पडला, काही महिने घरी बसून झाले, आणि मग भावोजींनी रंगकामाची कंत्राटं घ्यायचं ठरवलं. पहिलं घर कोणाचं, हा प्रश्नच नव्हता. त्यांच्या बायकोने, म्हणजे ताईंनी, धाकट्या भावाला फोन केला, "तुला घर रंगवायचंच आहे ना? मग पैसे बाहेरच्याच्या घशात कशाला घालतोस?" भाऊ हो म्हणून मोकळा झाला आणि मग बायकोला विचारायला आला.

ती तेव्हा भाजी निवडत होती. भावोजी तिला वहिनी म्हणत, आपणही वहिनीच म्हणू. ती "बरं" म्हणाली. नणंदेचा नवरा, घरचा जावई, त्यात बिचाऱ्याची नोकरी गेलेली. नाही म्हणायला जीभ कशी रेटणार?

भावोजी माणूस गोड. कारखान्यात त्यांच्या हाताखाली माणसं होती, त्यामुळे देखरेख करायची म्हणजे खुर्चीत बसून "चला, आटपा" म्हणायचं, अशी त्यांची पक्की समजूत. कुठून तरी दोन रंगारी धरून आणले होते. ते सकाळी उशिरा उगवायचे आणि दुपारीच मावळायचे. जुन्या रंगाचे पोपडे नीट खरवडले नाहीत. बाथरूमलगतची भिंत ओली होती, तिच्यावर तशीच खड्डे-भेगा बुजवायची लांबी भरली आणि वर रंग फासला. स्विचच्या बटणांवर ठिपके पडले, खिडकीच्या काचांवर ओघळ आले. ब्रशचे केस रंगात तसेच वाळले, भिंतीला दाढीचे खुंट वाढल्यासारखे दिसायला लागले. दारामागे तर रंगच नव्हता. "तिथे कोण बघतंय, वहिनी!" भावोजी हसत म्हणाले.

काम संपल्यावर हॉलच्या मधोमध उभं राहून त्यांनी विचारलं, "काय, कसं वाटतंय?"

नवऱ्याने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने भिंतीकडे.

"छान झालंय," ती म्हणाली.

नवरा तिच्याही वर गेला. "झकास! भावोजी, आता मागे वळून बघायचं नाही."

भावोजींनी बघितलं नाही. घराचे फोटो काढून लोकांना दाखवले. "हवं तर माझ्या मेहुण्याला विचारा," म्हणाले. लोकांनी विचारलं तेव्हा मेहुण्याने डोळे मिटून हमी दिली. त्यातल्या एकाने भावोजींना काम अर्ध्यावर थांबवून घराबाहेर काढलं. दुसऱ्याने जिन्यात उभं करून, शेजारीपाजारी ऐकत असताना, नाही नाही ते ऐकवलं. पुढे कोणी बोलावलं नाही. हे कानावर आलं तेव्हा नवरा म्हणाला, "आपण तरी काय करणार? नशीब एकेकाचं." वहिनीने मान हलवली, पण मनातून ती चरकली होती.

इकडे भिंतींना फुगे आले. हात लागला की टवके पडायचे. कधी उशीवर, कधी उघड्या भांड्यात. घर पुन्हा रंगवायचं ठरलं, पण गुपचूप. ताईंना सांगितलं, आठवडाभर बाहेरगावी जातोय. रंगही तोच निवडला, म्हणजे पुढे कधी त्या आल्या तर संशय यायला नको. कंत्राटदार मात्र नावाजलेला धरला. तोंडाने फटकळ पण कामाला चोख, असं सगळे सांगत.

सोमवारी सकाळी बेल वाजली. वहिनीने दार उघडलं. पुढे कंत्राटदार, मागे त्याची माणसं. सगळ्यात शेवटी, शिडीचं मागचं टोक खांद्यावर घेतलेले, डोक्याला रुमाल आणि रंगाने कडक झालेला शर्ट घातलेले भावोजी.

"भा..." तिच्या तोंडून निघालं आणि तिथेच अडकलं. भावोजींनी तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

"बाई, जरा बाजूला होता का? शिडी लागेल."

वहिनी बाजूला झाली. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला हायसंच वाटलं. चला, यांनीच ओळख दाखवली नाही, आता आपल्याला बोलायला नको. ते हायसं वाटणंच पुढे दिवसभर तिला खात राहिलं.

कंत्राटदाराने बाथरूमलगतच्या भिंतीवर टिचकी मारली. हातभर पोपडा खाली आला.

"कोणत्या गाढवाने केलंय हो हे? ओल्या भिंतीवर लांबी भरलीय!"

भावोजी उकिडवे बसून जमिनीवर प्लास्टिक अंथरत होते. त्यांचे हात थांबले नाहीत.

"होता एक," वहिनी म्हणाली. "नाव नाही आता आठवत."

थोड्या वेळाने तिने चहा केला. कामाच्या माणसांसाठी आणलेले कागदी कप ट्रेमध्ये मांडले. बाहेर आणल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण सगळ्यांनाच कागदी कप घेतलेत. एरवी या माणसाला ती सोफ्यावर बसवून कपबशीत चहा द्यायची. भावोजींनी एक कप उचलला आणि बाकीच्यांबरोबर गॅलरीत जाऊन बसले.

संध्याकाळी नवरा आला, दारातच थिजला. भिंतीला टेकणार तेवढ्यात भावोजी म्हणाले, "टेकू नका साहेब, ओलं आहे." नवरा बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरला आणि नळ सोडून उगाच हात धूत राहिला.

बाकीची माणसं गेली. भावोजी ब्रश धुवायला मागे थांबले.

"भावोजी, बसा ना," वहिनी म्हणाली.

"नको वहिनी, कपडे खराब आहेत. टेम्पो या गल्लीत वळला तेव्हा कळलं मला, नाही तर आलोच नसतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी रोजंदारीवर जातो हे हिला माहीत नाही. तिला वाटतं, माझंच काम आहे. तेवढं सांभाळा. तुम्ही घरीच आहात हे मी बोलणार नाही."

नवरा हात पुसत बाहेर आला. भावोजींनी ब्रश झटकला.

"एक विचारू? तेव्हा पसंत नव्हतं तर बोलला का नाहीत? मला खरंच वाटलं होतं, छान झालंय."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," नवरा पुटपुटला.

"वाटलं असतं की. पण पुढच्या घरी तरी नीट केलं असतं."

वहिनीचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तिने मनाचा हिय्या केला, चांगल्या कपबश्या काढल्या, टेबल पुसलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "भावोजी, तुम्ही इथे बसा." मग कंत्राटदाराकडे वळली. "हे आमच्या ताईंचे यजमान, बरं का."

तिला वाटलं होतं, कालचं सगळं एका वाक्यात धुऊन निघेल. कंत्राटदाराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग भावोजींकडे, मग खरवडलेल्या भिंतीकडे. भावोजी पूर्वी स्वतः कंत्राटं घ्यायचे हे त्याला ठाऊक असणारच.

"अरेच्चा! म्हणजे काका, कालचं ते गाढव तुम्हीच की!"

तो खदखदून हसला. बाकीची माणसंही हसली. भावोजीही हसले, मान हलवून, अगदी मोकळेपणाने हसल्यासारखे. चहा एका घोटात संपवला आणि शिडीवर चढले. दिवसभर कोणी ना कोणी खालून ओरडत होतं, "काका, भिंत वाळलीय ना, बघा हं!"

वहिनी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. स्वतःच्या मनावरचा भार उतरवायला आपण त्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढलं, हे तिला आता कळलं. काल ते लपले होते ते तिची लाज राखायला, आणि स्वतःचीही. तिने त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावोजी आले नाहीत. "काकांनी काम सोडलं," कंत्राटदार जरा ओशाळून म्हणाला. "थट्टा केली हो थोडी. हात बसत चालला होता त्यांचा."

घर सुरेख झालं. येणारे जाणारे भिंतींवरून हात फिरवून कौतुक करत. वहिनी विषय बदलायची.

रविवारी दोघं ताईंकडे गेली. ताईंना सगळं कळलं होतं. भावोजींनीच सांगून टाकलं होतं. ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी दिलं, ख्यालीखुशाली विचारली आणि एरवी भावाला "अरे गाढवा" म्हणणाऱ्या बाईने एकदाही आवाज चढवला नाही. भावोजींना एका गोदामात काम मिळत होतं, त्याबद्दल ते थोडं बोलले.

निघताना दारात वहिनी थांबली.

"भावोजी, माझं चुकलं."

"कोणतं?" भावोजींनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. ती कशाबद्दल म्हणतेय, तेव्हाच्या "छान झालंय"बद्दल की सगळ्यांसमोर नातं सांगितल्याबद्दल, हे त्यांना खरंच समजलं नव्हतं. वहिनी चपलेचा पट्टा लावायला वाकली होती, ती तशीच वाकून राहिली. नवरा केव्हाच जिना उतरून खाली गेला होता.