दहा किल्ल्या

मावशींनी शाळेची घंटा बावीस वर्षं वाजवली होती आणि ती एकदाही मिनिटभर मागेपुढे झाली नव्हती. तोंडाला मात्र वेळेचं बंधन नव्हतं. त्या बोलायला लागल्या की व्हरांड्यातलं घड्याळसुद्धा ऐकत थांबतं, म्हणून तर ते मागे पडतं, असं शाळेचे कारकून शपथेवर सांगायचे. मावशी त्या घड्याळाकडे बघायच्याच नाहीत. वेळ त्यांच्या पोटात होती.

अशा मावशींची सात वर्षांची नात त्याच शाळेत पहिलीत होती, आणि शाळेत तिच्या तोंडाला कुलूप. लाडाचं नाव मुंगी. घरी थोडंफार बोलायची, तेही अडखळत. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि दार बंद दिसल्यासारखा मागे फिरायचा. शाळेत तिला कुणी काही विचारलं की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाहून मावशींचं उत्तर यायचं. "तहान लागलीय हो तिला!" "पेन्सिल मोडलीय तिची!" एकदा तर मुंगी वरच्या मजल्यावर आणि मावशी फाटकाशी, तरी बेरजेचं उत्तर फाटकातून आलं. चुकीचं आलं, ही गोष्ट वेगळी.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मावशींना खोलीत बोलावलं.

"मावशी, वर्ष संपत आलं. या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी मुंगीला इथे बसवून एक प्रश्न विचारणार. तिने स्वतः उत्तर दिलं, तर ती इथेच राहील. नाहीतर शहराच्या पलीकडच्या टोकाला न बोलणाऱ्या मुलांची खास शाळा आहे, तिथे."

"दोन बस बदलाव्या लागतात तिथे जायला! तिला पोचवायला माझ्या लेकीने इस्पितळातली ड्युटी सोडायची का?"

"मला कळत नाही का? पण पोर वर्षभर गप्प बसली, तर मी तिला शिकवलं असं कुठल्या तोंडाने म्हणू?"

त्याच आठवड्यात शाळेत एक तरुण थेरपिस्ट आल्या. पोरांना बोलायला मदत कशी करायची हे त्या शिकवणार होत्या. पोरांना नव्हे, मोठ्यांना. शिक्षक, कारकून, झाडणारे, स्वयंपाकघरातले, सगळ्यांना त्यांनी पहिलीच्या बुटक्या बाकांवर बसवलं. कारकुनांचे गुडघे कानांना लागले.

"जोड्या करा. एकाने कालची सकाळ सांगायची. अट एकच, त हे अक्षर ज्यात येतं तो शब्द चालणार नाही. दुसऱ्याने फक्त ऐकायचं."

मावशींच्या वाट्याला कारकून आले. मावशी पदर खोचून उभ्या राहिल्या. बोलण्यात त्यांना कोण हरवणार?

"काल मी उठले. चहा ठेवला. मग मुंगीचे..." मावशी थबकल्या. दात घासले, हे सांगायचं होतं.

"कपडे धुतले!" कारकून म्हणाले.

"नाही. मुंगीचे..."

"केस विंचरले!"

"अहो, नाही! मुंगीचे..."

"लाड केले? कान धरले?"

"भाऊसाहेब!" मावशींचा आवाज असा कडाडला की फळ्यावरचा खडू खाली पडला. "माझ्या तोंडातलं ओढून काय घेता? येत होतं ना माझं मला!"

मावशी मटकन बाकावर बसल्या. त्यांनी हातातल्या शाळेच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाई, मुंगीला रोज असंच होत असेल?"

"रोज," थेरपिस्ट म्हणाल्या. "तुम्ही मायेनेच बोलता, मावशी. पण तिचा शब्द निघायच्या आत तुमचा पोचतो. प्रश्न विचारला की मनात दहा मोजा. तिच्याकडे बघा, हसा, पण शब्द देऊ नका."

"दहा? माझ्याने दोन व्हायचे नाहीत."

"मग हाताला काम द्या."

जुडग्यात बरोबर दहा किल्ल्या होत्या. मावशींनी ठरवलं, एकेक किल्ली सरकवायची. दहावी येईपर्यंत ओठ उघडायचे नाहीत.

पहिल्या दिवशी त्या तिसऱ्या किल्लीला घसरल्या. दुसऱ्या दिवशी पाचव्या. चौथ्या दिवशी दहा झाल्या, आणि शाळेत हाहाकार उडाला. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस ती शांतता ऐकून सुट्टी समजून परत गेला. पलीकडच्या घरातल्या आजोबांनी कानातलं यंत्र बिघडलं म्हणून दुरुस्तीला टाकलं. कारकून डबा घेऊन आले, "मावशी, कुणी काही बोललं का तुम्हाला? माझंच चुकलं असेल तर सांगा." मावशींनी त्यांनाही दहा किल्ल्या मोजल्या.

घरीही तेच. मुंगी पेल्याकडे बोट दाखवायची आणि आजीकडे बघायची. आजी हसून किल्ल्या सरकवायची. दुसऱ्या आठवड्यात एकदा नवव्या किल्लीला "पा... पाणी" आलं. मावशी मोरीत जाऊन रडल्या, पण आवाज न करता. शाळेत मात्र कुलूप तसंच.

शेवटच्या शुक्रवारी मधल्या सुट्टीला दहा मिनिटं असताना सगळे मोठ्या बाईंच्या खोलीत जमले. मुंगी खुर्चीवर, पाय जमिनीपासून वीतभर वर. मावशी दाराशी.

"मुंगी, तुझी आजी शाळेत काय करते गं?"

एक किल्ली. दोन. मुंगीने आजीकडे पाहिलं. पाच. कारकुनांनी तोंड उघडलं. थेरपिस्टनी नुसतं पाहिलं, कारकुनांनी ते मिटलं. दहा झाल्या. काही नाही. मावशींनी पुन्हा पहिली किल्ली धरली.

किती फेऱ्या झाल्या कुणास ठाऊक. मावशींच्या पोटातली वेळ उसळली. सुट्टीची वेळ झाली होती! बावीस वर्षांत न चुकलेली घंटा. वर्गावर्गांतून पाय आपटल्याचे आवाज येऊ लागले. मोठ्या बाईंनी भुवया उंचावल्या. मावशींचा एक पाय आपोआप उंबऱ्याबाहेर गेला. आपण हललो की पोरीचा धागा तुटणार. त्यांनी तो पाय आत ओढून घेतला आणि किल्ली सरकवली.

मुंगीने खिडकीकडे पाहिलं. मग आजीच्या हाताकडे. ओठ हलले.

"घं..." कारकून पुढे वाकले. "घं... घंटा. आजी घंटा वाजवते."

कुणी टाळी वाजवली नाही. थेरपिस्टनी आधीच बजावलं होतं. म्हणूनच पुढचं ऐकू आलं.

"आज... आज नाही वाजवली."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "राहील ती इथेच. आणि सगळे जण किल्ल्या मोजतील, मीसुद्धा. आता पळा, मावशी. पोरं छप्पर उडवतील."

मावशी मुंगीला घेऊन धावल्या. घंटेचा हातोडा मुंगीच्या हातात दिला आणि तिच्या हातावर स्वतःचा हात न ठेवता उभ्या राहिल्या. पहिला ठोका इतका हलका पडला की तो फक्त मावशींनाच ऐकू गेला. दुसरा जरा बरा. तिसऱ्याला दारं उघडली.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी नोंदवहीत लिहिलं: मधल्या सुट्टीची घंटा सहा मिनिटं उशिरा. कारण: एक उत्तर यायचं होतं.