फोटोतली बाई मी आहे

आश्विनातल्या तिसऱ्या प्रहरी पडवीत ऊन तिरकं उतरू लागलं की मला अजून फणीचा आवाज ऐकू येतो. शिसवी लाकडाची फणी, खोबरेलाने न्हालेले केस, आणि त्यांतून वरून खाली जाणारी ती एकसुरी, शांत सरसर. सुकल्या गवतातून वारा जावा तशी. माझी धाकटी बहीण शेवंती खांबाला टेकून बसायची, केस पुढे घ्यायची, आणि ऊन पडवी सोडून अंगणात जाईपर्यंत विंचरत राहायची. मग अंबाडा. असा घट्ट, की वादळालाही त्यातली एक बट सोडवता येऊ नये. वर अबोलीची चार फुलं.

ती काळी होती. सावळी म्हणून मी तिला उजळ करणार नाही. काळीच होती, आमच्या सड्यावरच्या, गावावरच्या उघड्या माळाच्या कातळासारखी. परका माणूस त्या कातळाकडे बघतो आणि म्हणतो, इथं काय उगवणार? त्याने भाद्रपदात यावं. त्याच काळ्या पाठीवर निळी-जांभळी फुलं अशी दाटून येतात, की पाय ठेवायला जागा शोधावी लागते. शेवंतीचं हसू तसं होतं. वर्षातून थोडेच दिवस, पण आलं की सर्वांग फुलून यायचं. आणि त्याला आवाज नसे. ओठ मिटलेले, डोळ्यांत मात्र सगळा प्रकाश.

लग्न होऊन गेली आणि दोन वर्षांनी सासरच्यांनी तिला आमच्या अंगणात आणून सोडलं. पाणीसुद्धा न घेता गेले. तिला हाक ऐकू यायची. तांदूळ निवडताना ती मध्येच थबकायची, मान कलती करायची, कुणालातरी हळूच "येतंय हां" म्हणायची, आणि पुन्हा सुपाकडे वळायची. बस, एवढंच. कधीकधी आठ-पंधरा दिवस अंथरुणातून उठत नसे, तेव्हाही फणी उशाशी. इस्पितळातल्या गोळ्यांनी ती हाक दूर गेली, पण हात कापू लागले. त्या कापऱ्या हातांनीही अंबाडा कधी सैल पडला नाही.

आता खरं ते सांगतो. मीही रागावलो की आठ-आठ दिवस घरात शब्द बोलत नसे, बागेत कलमांशी एकटाच भांडत असे. लोक म्हणायचे, मानी माणूस आहे. ती एक दिवस गप्प राहिली की त्याच लोकांच्या बायका पोरांना घरात ओढायच्या. एकाच आईच्या पोटची आम्ही दोघं. मी गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, त्यातून पुरुष, म्हणून माझा तो स्वभाव ठरला. तिचं दुखणं मात्र लोकांना तिच्या कातडीतच दिसलं. "काळी आणि त्यात वेडी," म्हणायचे, जणू एकातून दुसरं निघावं.

शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढची अक्षरं श्रावणातल्या पोथीने आणि शिमग्यातल्या नमनाच्या खेळाने शिकवली. नमनात मी राधा व्हायचो, आणि माझ्यासारखी राधा पंचक्रोशीत नव्हती, हे आजही कुणी खोडून दाखवावं. एका साली वगात वेडीचं काम निघालं. मंडळातला एक जण म्हणाला, "ह्यालाच द्या. शिकवणी घरातच हाय ह्याच्या." सगळे हसले. मीही हसलो. तोंड गोरं करायला नेहमीचं मुरदाडशिंग लावायला घेतलं, तर म्होरक्याने हात धरला. "येडा काय रं तू? वेडी कुठं गोरी असते?"

मग तव्याची काजळी तेलात कालवून माझ्या तोंडाला फासली. डोक्यावरचं गंगावन मोकळं सोडलं.

पालखी बसते त्या सहाणेसमोर, भर दुपारी, आंब्याच्या मोहराचा वास सुटलेला असताना मी ते काम केलं. मान कलती केली. "येतंय हां" म्हणालो. गाव ओरडलं. मग झिंज्या पिंजारून खदाखदा हसलो, आणि गाव असं खिदळलं, की मृदंग बुडाला. मुंबईहून सणाला आलेल्या एका चाकरमान्याने माझा फोटो काढला. बायकांच्या पुढच्या रांगेत शेवंती बसली होती. भावाचं काम म्हणून नवी चोळी, नीट अंबाडा, ताजी अबोली.

घरी आल्यावर तिनेच मला पडवीत बसवलं आणि खोबरेलात बुडवलेल्या चिंधीने माझं तोंड पुसायला घेतलं. "हलू नको दादा, डोळ्यात जाईल." कपाळ झालं, एक गाल झाला. काजळी तिच्या बोटांवर उतरत होती आणि त्या बोटांवर दिसत नव्हती. मग हात थांबला.

"दादा, मी अशी हसतंय?"

"खेळात तसं करावं लागतं गो," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली, आणि दुसरा गाल पुसला.

त्या दिवसापासून तिने हाकेला ओ दिली नाही. मान कलती व्हायची, ओठ हलायचे आणि मिटायचे. हसू आलं की तोंडावर पदर यायचा. पुढे पदराला यायचं कामच उरलं नाही. भाद्रपद आले आणि गेले, सडा फुलत राहिला. कितीतरी पावसाळ्यांनी ती तापाने गेली, स्वतःच्या अंथरुणात, चौथ्या दिवशी. शेवटचा अंबाडा माझ्या बायकोने घातला. तीही आता नाही, आणि मुलगा तर त्यानंतर जन्मला.

आणि तो फोटो? तो मी चौकट करून भिंतीला लावला. माझं सर्वांत गाजलेलं काम म्हणून, पन्नास वर्षं. आल्यागेल्याला विचारायचो, "ओळखा कोण?"

गेल्या मे महिन्यात दोन तरुण पाणी प्यायला आले, हातात काठीला लावलेला मोबाईल. "आजोबा, ही कोण?" मी म्हणालो, "तुम्ही सांगा." एक जण म्हणाला, "वेडीबिडी दिसते कोणतरी." माझी छाती फुगली. अजून फसतात लोक! हे रूप कुणाचं असं विचारल्यावर म्हणालो, माझ्या बहिणीचं. खालची विहीर दाखवली. शेवंती तिथून अबोलीला पाणी आणायची, हेही सांगितलं. पण फोटोतला मी आहे, हे नाही सांगितलं. नटाने आपलं सोंग कशाला उतरवावं?

गणपतीत सूनबाईने मोबाईल माझ्यापुढे धरला. "आबा, ही आपली विहीर ना?" वर अक्षरं होती: काळ्या वेडीची विहीर. खाली कुत्री रडत होती, कुणीतरी खदाखदा हसत होतं, आणि एक आवाज सांगत होता की तिने इथे उडी घेतली आणि अमावास्येला ती केस सोडून बसते. मग तिचा चेहरा आला. काजळी फासलेला, झिंज्या पिंजारलेला, घाऱ्या डोळ्यांचा.

सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. तिने शेवंतीला कधी पाहिलेलं नाही. "आबा, आत्या अशा होत्या?"

जन्मात मी कुणापुढे मान खाली घातलेली नाही. त्या दिवशी घातली. म्हणालो, "बाय, खाली लिहिता येतं ना? लिही. फोटोतली बाई मी आहे. माझी बहीण अशी नव्हती. तिचे केस घराबाहेर कधी कुणी मोकळे बघितले नाहीत. ती तापाने गेली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता."

सूनबाईने लिहिलं. संध्याकाळपर्यंत खाली हसरी तोंडं उमटली. एकाने मात्र विचारलं, "मग त्यांचा खरा फोटो टाका ना, आजोबा."

खरा फोटो नाही. तिचा फोटो काढावा असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलंच नाही. चौकट मी उतरवली. भिंतीवर तिच्या जागी एक चौकोन राहिला आहे, बाकी भिंतीपेक्षा गोरा. फणी तेवढी आहे. तिसऱ्या प्रहरी ती हातात घेऊन मी खांबापाशी बसतो, मान कलती करतो, आणि वाट बघतो की मलाही कुणी हाक मारील. अजून मारलेली नाही. माझे डोळे मिटले की तिचा चेहरा पाहिलेलं कुणीच ह्या घरात उरणार नाही. आणि तिच्या नावाने जगात जो चेहरा फिरत राहील, तो माझा असेल.