कॅमेऱ्याकडे बघायचं नाही

फोटो काढताना ताठ उभं राहायचं आणि समोर बघायचं, एवढं कमलाबाईंना नगरच्या शाळेपासून ठाऊक होतं. आणि इथे, म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये, पोटच्या पोरीच्या लग्नाच्या सकाळी, गळ्यात कॅमेरा अडकवलेली कीर्ती त्यांना तिसऱ्यांदा सांगत होती, "मावशी, माझ्याकडे बघू नका ना. मी इथे नाहीच असं समजा."

"अगं, समोर उभी आहेस धडधडीत. नाही कशी समजू?"

कीर्ती मूळची पुण्याची, आता कोलोनला सॉफ्टवेअरमध्ये. शनिवार-रविवारी लग्नांचे फोटो काढायची. तिचा नियम एकच: पोज नाही. माणूस विसरला पाहिजे की कोणी बघतंय.

हॉल एका नेमबाजी क्लबचा. नवरीच्या खोलीत भिंतभर ढाली आणि मिशाळ अध्यक्षांच्या तसबिरी. त्यांच्या खाली पाटावर मैत्री बसलेली, मामाने आणलेली पिवळी अष्टपुत्री नेसून. पुढ्यात गौरीहर मांडलेला. त्यातली पितळी अन्नपूर्णा कमलाबाईंनी टॉवेलात गुंडाळून, लेकरासारखी मांडीवर घेऊन विमानातून आणली होती. अंतरपाट धरेपर्यंत मुलीने देवीपाशी बसून दोन-दोन दाणे तांदूळ वाहायचे, आणि आईने जवळ असायचं. महिनाभर कमलाबाईंच्या डोळ्यांपुढे हेच चित्र होतं. ती तांदूळ वाहील, मान वर करून आपल्याकडे बघेल, आणि त्या बघण्याचा फोटो नगरच्या घरी देव्हाऱ्याशेजारी लागेल.

पण मैत्रीच्या पाठीशी गजरा माळत बसली होती नीता, कमलाबाईंची धाकटी जाऊ. मैत्री इथे शिकायला आली ती काकूच्याच घरी राहिली, चार वर्षं.

"काकू, माझी आन्मेल्डुंग आठवते?"

"नाव नोंदवायला गेलीस आणि ऑफिसच्या दाराबाहेर चपला काढून आत! ती जर्मन बाई तुझ्या पायांकडेच बघत बसली!"

दोघी फिस्सकन हसल्या. कॅमेरा खटखटला.

"हे मला कधी सांगितलं नाहीस," कमलाबाई म्हणाल्या.

"अगं आई, तू तिथे असायला हवी होतीस."

साधं वाक्य, पण सुईसारखं आत गेलं. शनिवारच्या कीर्तनात बुवा सांगत, काम-क्रोध दार ठोठावून येतात, मत्सर मात्र काळजीचं उपरणं पांघरून येतो आणि पाहुण्यासारखा गादीवर बसतो. त्या वेळी कमलाबाईंनी मान डोलावली होती. आज पाहुणा घरी आला तर ओळखूच आला नाही.

कीर्तीने कॅमेऱ्यामागच्या चिमुकल्या पडद्यावर फोटो दाखवले. मैत्री हसते आहे, काकूकडे बघून. मैत्रीचे डोळे भरलेत, हात काकूच्या हातात. आणखी एक. आणखी एक. कमलाबाई दोनच फोटोंत होत्या, कडेला, व्हिसाच्या अर्जाला लावतात तशा नाकासमोर बघत.

"हे दोन काढून टाकीन हं, मावशी. आल्झो, म्हणजे, नॅचरल नाही आले."

आईच नॅचरल नाही! कमलाबाईंनी पदर खोचला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "नीता, वरपक्षाच्या चहाचं बघतेस का जरा? इथे आता आईचंच काम असतं."

नीताने गजऱ्यावरचा हात काढला. "बरं, वहिनी," म्हणाली आणि उठून गेली.

आता खोलीत लेक आपली होती. कमलाबाईंनी चापाची नथ घेतली आणि लावायला गेल्या. चाप सरकला, नाकाला चिमटा बसला.

"आई, दुखतंय! काकूला बोलाव, तिला जमतं."

"काकू, काकू! ताप आला, कोणाला कळलं? काकूला. नोकरी लागली, आधी कोणाला? काकूला! मी काय नुसती देवी पोचवायला आले?"

"तुला तापाचं सांगितलं असतं तर देव पाण्यात घालून बसली असतीस!"

"बसलेच असते!"

"रडली असतीस फोनवर! मग तुझं रडणं मी ऐकू, की माझा ताप बघू?"

"रडले असते! रडू दे ना मला! हक्काची आहेस माझ्या!"

"आणि तू? तू तरी कुठे सांगितलंस बाबांच्या ऑपरेशनचं? झाल्यावर कळलं मला!"

दोघींच्या भुवया एकसारख्या चढलेल्या, दोघींची बोटं एकमेकींवर रोखलेली, नथ मैत्रीच्या एका कानातल्यात अडकून लोंबकळत. खट्.

कीर्ती तिथेच होती. दोघीही विसरल्या होत्या.

"सॉरी," ती चाचरत म्हणाली. "हा पुसू का?"

कमलाबाईंनी कॅमेऱ्याचा पडदा ओढून जवळ घेतला. पोर चिडली होती. काजळ पसरलेलं, नाकाचा शेंडा लाल. पण बघत होती ती त्यांच्याकडे, जिवाच्या आकांताने, आणि त्याही कॅमेऱ्याकडे नाही, तिच्याकडेच.

"मी अशी दिसते चिडल्यावर?" मैत्री डोकावली. "ई, सेम तू!" आणि डोळे पुसत आईच्या खांद्यावर कलंडली.

तेवढ्यात नीता दोन कप घेऊन आत आली. तिनेही वाकून फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"चार वर्षांत माझ्याशी एकदाही भांडली नाही हो," ती हळूच म्हणाली. "मी वाट बघायची. वाटायचं, एकदा तरी ओरडेल माझ्यावर. पण नेहमी आपलं थँक्यू काकू, सॉरी काकू."

कमलाबाईंना फार फार बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली, आणि त्यांनी देवीकडे बघून मनातल्या मनात कान पकडले. नथ त्यांनी नीताच्या तळहातावर ठेवली. "तूच लाव बाई. माझा हात जड आहे."

दाराशी मामा आला, मुलीला मांडवात न्यायला. सगळे उठले. गडबडीत कमलाबाईंनी कीर्तीचा दंड धरला.

"हा मोठा करून मला पाठव. एवढा मोठा. आणि हसरे सगळे नीताला दे."