वळणावर अडकलेलं कपाट

थांबा, थांबा मित्रांनो, एवढ्या घाईने कुठे वर पळता? जरा टेका की इथे, दुसऱ्या पायरीवर. तिसरीवर नको, ती ओरडते! हं, आता ऐका. मी या घराचा जिना. लाकडाचा आहे, जुना आहे, पायऱ्या मधोमध झिजल्यात, पण एकदा बोलायला लागलो की मला आवरणं कठीण. आणि आज मला सांगायचंच आहे, हे घर माणसांनी भरलं कसं ते.

मला एका सुताराने घडवलं. एकावर एक तीन बिऱ्हाडं राहतील असं हे घर त्याने बांधलं, आणि तिन्ही मजल्यांना जोडणारा मी एकटा. जागा कमी, म्हणून त्याने मला चांगलाच उभा चढवला आणि पहिल्या मजल्याच्या जरा अलीकडे एक चिंचोळं वळण दिलं. त्या वळणावरचा कठडा बसवताना त्याने एक खिळा मारला नाही. नुसत्या लाकडी खुंट्या ठोकल्या.

त्याची बायको हसली, "खिळे संपले वाटतं?"

"अगं, उद्या कुणाचं भलंमोठं कपाट आलं तर? खुंट्या काढायच्या, की कठडा टोपणासारखा उचलला जाईल."

ही गोष्ट त्या दोघांना ठाऊक आणि मला ठाऊक. आता मी तुमच्याशी बोलतोय खरा, पण मोठ्या माणसांना माझं फक्त कुईं ऐकू येतं!

काय दिवस होते ते! दर आठवड्याला मला तेलाचा बोळा. पाहुणे म्हणायचे, "जिना आहे की आरसा?" मग त्यांची मुलं मोठी होऊन लांब गेली. सुतार आणि त्याची बायकोही थकली आणि लेकीकडे राहायला गेली. दाराला कुलूप लागलं. माझ्यावर एवढी धूळ साचली की मांजर चालून गेलं तरी पावलं उमटायची. कितीतरी वर्षं मी पावलांची वाट बघत उभा होतो. जिन्याला दुसरं काम काय असतं, सांगा बरं?

आणि एक दिवस खटकन दार उघडलं! आत आली एक बसकंडक्टर, तिच्यामागे तिचा सलूनवाला नवरा, आणि गुडघ्यावर हात ठेवत त्याची आई. जन्मभर एका खोलीत भाड्याने राहिलेली माणसं ही. स्वतःचं पहिलं घर घ्यायला निघाली होती. खाली आपण राहायचं, म्हणजे आईला जिना नको, आणि वरचे दोन मजले भाड्याने द्यायचे, असा त्यांचा बेत. कंडक्टरबाईने माझी एकेक पायरी दाबून बघितली. तिसरीवर मी आनंदाने ओरडलोच. कुईं!

घर दाखवायला आलेला दलाल ओशाळला. "हे दुरुस्त करून देतो, बाई."

"राहू द्या हो," ती म्हणाली. "फुकटची बेल आहे."

मित्रांनो, मला ती तिथेच आवडली. त्यांनी घर घेतलं. पण दोन्ही मजल्यांवर बिऱ्हाडं आली तरच बँकेचा हप्ता निघणार होता, नाहीतर घर परत विकावं लागणार. म्हणजे मला पुन्हा कुलूप! आणि सगळ्यात वरचा मजला तर कुणालाच नको होता. लोक खालून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "बाप रे, हा जिना रोज चढायचा?" मला इतकं वाईट वाटायचं!

आता गंमत ऐका. नवरा-बायको दोघंही बोलघेवडी. त्याने केस कापता कापता एका चित्रकलेच्या मास्तरांना मधला मजला देऊन टाकला. तिने त्याच दिवशी बसमध्ये शिवणकाम करणाऱ्या दोन बहिणींना मधला मजला देऊन टाकला. आणि दोघांनीही घरी चकार शब्द काढला नाही. का? तर एकमेकांना चकित करायचं होतं!

झालं! एका रविवारी सकाळी दारात दोन टेंपो. बहिणी गाठोडी घेऊन कंडक्टरबाईबरोबर वर गेल्या. तोवर मास्तरांचं सागवानी कपाट हमालांनी आत घेतलं, वर चढवलं, आणि वळणावर ते असं अडकलं, असं अडकलं, की ना वर जाईना, ना खाली येईना. माझा तर श्वासच कोंडला!

"हे कपाट कुणाचं?" वरून कंडक्टरबाई.

"मास्तरांचं! मधल्या मजल्याचे भाडेकरू!" खालून सलूनवाला, अगदी ऐटीत.

"काय? अहो, मधला मी या ताईंना दिलाय!"

मग ती कडाडली, "एका खुर्चीत दोन गिऱ्हाइकं बसवता का तुम्ही?"

"आणि तू एका सीटची दोन तिकिटं फाडतेस का?"

मास्तर म्हणाले, "हे बघा, असंच असेल तर आम्ही चाललो परत." थोरली बहीण वरून म्हणाली, "आम्हीही जातो. पण जाणार कसं?" खरंच की! कपाट मधे. जायलाही वाट नाही, रागवून निघूनही जाता येईना!

सलूनवाला चिडून म्हणाला, "करवत आणतो. हा कठडाच कापतो." माझ्या पायऱ्यांना घाम फुटला हो! मी कुईं करायला बघितलं, पण तिसऱ्या पायरीवर कुणाचा पायच नव्हता.

"कापाकापी नंतर," त्याची आई म्हणाली. "आधी पोटाचं बघ. वरच्यांना काही खायला दे." मग खिडकीतून दोरी खाली आली आणि डबे बादलीतून वर गेले. बहिणी म्हणाल्या, हवेशीर जागी बसून खाऊ, आणि चढल्या थेट सगळ्यात वर. थोड्या वेळाने वरून धाकटीची किंकाळी.

"ताई, अगं इकडे ये! दिवा न लावता सुई ओवली मी!"

वरच्या खिडक्यांतून उजेड नुसता ओसंडत होता. थोरली म्हणाली, "आम्ही वरच राहतो. मशीन काय, एकदाच वर न्यायचंय."

"पण जिना?" कंडक्टरबाईने भीत भीत विचारलं.

"दिवसभर बसून शिवतो आम्ही. तेवढेच पाय हलतील!"

मित्रांनो, मला तिला कडेवरच घ्यावंसं वाटलं! धाकटी धावत खाली आली आणि कपाटापाशी वाकून बघत म्हणाली, "अहो दादा, थांबवा ती करवत. इथे खिळा दिसतच नाही. हे टाके घातल्यासारखं काय आहे?" माझ्या खुंट्या! तिने कात्रीच्या दांड्याने टकटक ठोकलं, एकेक खुंटी बाहेर आली, कठडा टोपणासारखा उचलला गेला, आणि कपाट सुळकन मधल्या मजल्यावर. मास्तरांनीच पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. मग बहिणींचं मशीन वर चढवायला तेच सगळ्यांच्या पुढे.

त्या खुंट्यांना आता लाल रंग दिलाय, पुढच्या वेळी शोधायला नकोत म्हणून. तेलाचा बोळाही पुन्हा सुरू झालाय. मग सलूनवाला हातोडी घेऊन माझ्या तिसऱ्या पायरीकडे वळला, तर त्याची आई आतून म्हणाली, "हात लावून तर बघ! इथे बसून मला कळतं, कोण घरी आलं."

तर मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ असेल. त्याच्यावर हवं तेवढं धावा, पण सामान फरफटवू नका, आणि काही अडलं तर करवत आणण्याआधी जरा वाकून बघा. आम्हाला कुणीतरी मन लावून घडवलेलं असतं हो.

श्श! दार वाजलं. कंडक्टरबाई कामावरून आली. खरं तर ती तळमजल्यावर राहते, तिला माझ्याशी काय काम? पण बघा हं, रोज ती आधी इथे येते, तिसऱ्या पायरीवर एक पाय ठेवते...

कुईं!

"आलीस का गं?" आतून सासूबाई.

"आले, आई!"