पाइपातला पाऊस

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही. गोडगोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझा जन्म कारखान्यातला. तांबं ओढून ओढून माझ्या दोन तारा केल्या, त्यांवर रंगीत प्लास्टिक चढवलं, भोवती कागद गुंडाळला आणि वरून पांढरं आवरण घातलं. त्यावर ठळक छापलं होतं, ‘फक्त घरातील वापरासाठी’. माणसं भांडायला वेळ काढतात, एवढं वाचायला काढत नाहीत.

एका सुताराच्या स्वयंपाकघरात मी बरीच वर्षं इमानेइतबारे राबले. “हिची कधी कटकट नाही,” असं सुतारीण म्हणायची. मग घराची डागडुजी निघाली, मला भिंतीतून उपटलं आणि माळ्यावर फेकलं. तिथे उंदरांनी हुंगून सोडून दिलं, इतकी मी निरुपयोगी ठरले.

पुढे सुताराने अंगणापलीकडे पत्र्याची शेड बांधली. करवतीच्या यंत्राला वीज हवी होती. सुतारणीचा धाकटा भाऊ वायरमन. तो आला, तर भावोजींनी मलाच त्याच्या हातात ठेवलं.

“भावोजी, ही घरातली वायर आहे. बाहेर नाही चालत.”

“उघडी कुठे टाकतोय? पाइपातून नेऊ की.”

“पाइपातूनसुद्धा नाही. बाहेरचा पाइप आतून ओलाच आहे असं समजायचं, असा नियम आहे.”

सुतार हसला. “पाइपाच्या आत पाऊस पडताना बघितलायस कधी? सांधे मी जोडतो. मुंगी शिरली तर नाव बदलीन!”

भावाने बहिणीकडे पाहिलं. ती दारात हात पुसत उभी होती, तिला यातलं काही कळत नव्हतं. तिच्या सासरी वाद नको, म्हणून तो मूग गिळून बसला आणि मला पाइपात ओढू लागला.

सुताराने सांधे खरंच असे जोडले की बाहेरचा थेंब आत येईना. पण आतला बाहेरही जाईना! दिवसा पाइप तापायचा, रात्री गार पडायचा आणि भातावरच्या झाकणाला सुटतं तसं टोकांतून शिरलेल्या दमट हवेला आत पाणी सुटायचं. माझ्या कागदाने ते पिऊन घेतलं. प्लास्टिक फुगलं, तडकलं. ओल शेडच्या दाराशी, स्विचच्या लोखंडी पेटीपर्यंत उतरली. गळणारी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तिसरी तार माझ्यात नव्हतीच, म्हणून ती वीज पेटीच्या लोखंडातच उतरली. “बघ, काही झालं का?” असं सुतार मेहुण्याला हिणवायचा तेव्हा मी आतून कुजत होते.

एका दुपारी सुतारीण नवऱ्याला जेवायला बोलवायला आली. करवतीच्या आवाजात हाक ऐकू जाईना, म्हणून यंत्र बंद करायला तिने पेटीला हात घातला.

मी तिला धरलं. तिची बोटं पेटीवर आवळली गेली, दातखीळ बसली, ओरडता येईना. तळहाताची कातडी करपल्याचा वास सुटला. सुतार वळला, मिठी मारायला धावला आणि हातभर अंतरावर थांबला, कारण शिवलं की तोही चिकटणार. मेन स्विच अंगणापलीकडे घरात. त्याने कोरडी फळी उचलली आणि बायकोच्या हातावर सगळ्या ताकदीने हाणली. हात सुटला नाही. पुन्हा हाणली. तिसऱ्या घावाला हाड मोडल्याचा आवाज आला आणि ती खाली कोसळली.

सुताराचा आरडाओरडा ऐकून, त्या दिवशी शेजारच्या घरी वायरिंगचं काम करत असलेला भाऊ धावत आला. त्याला काय दिसलं? बहीण जमिनीवर, हात वाकडा आणि भावोजींच्या हातात फळी.

“माझ्या बहिणीला मारतोस?” म्हणून त्याने सुताराच्या तोंडावर ठोसे घातले. दोन दात पडले. सुताराने हात उचलला नाही. रक्ताळल्या तोंडाने तो एवढंच म्हणाला, “आधी वीज बंद कर. पेटीला शिवू नकोस.”

पेटी पाहताच भावाला सगळं उमगलं. मग धावत जाऊन त्याने मेन पाडलं आणि पाइप भिंतीपासून उखडला. आतून बदाबदा पाणी त्याच्या पायांवर सांडलं. सुतारीण कण्हली, तेव्हा दोघेही रडायला लागले.

तिचा हात गळ्यात होता तेव्हाची गोष्ट. मी अंगणातल्या भंगाराच्या ढिगावर पडले होते. भाऊ बाहेरची जाड काळी वायर टाकत होता, सुतार शिडी धरून होता. ती पायरीवर बसली होती.

“तुला ठाऊक होतं ना रे?” तिने विचारलं.

“होतं, ताई.”

“मग दोन शब्द सांगून गप्प का बसलास?”

“तुझ्या सासरी भांडण नको म्हणून.”

“मी मेले असते तर? तेराव्याला येऊन माझा मान राखला असतास?”

सुतार मान खाली घालून मेहुण्याला म्हणाला, “मी ऐकलं नसतं. पण तू भांडायला हवं होतंस.”

मित्रांनो, तिची बोटं आता सुईसुद्धा धरत नाहीत. मी भंगारात जाईन, तांबं वितळेल, माझं काही अडत नाही. तुमचं अडतं. माझ्या जातीच्या वायरला घरातच ठेवा, जन्मभर राबेल. आणि चूक दिसली, तर समोर भावोजी असोत की आजोबा, भांडा. फार तर एक वेळचं जेवण कडू होईल.